हँडल धर गो

चांगुणा, त्या दिवशी तुझ्या दारात मी रिक्षाने आले. सायकलवरून यायला हवं होतं, हे मला कामोठं मागे पडल्यावर सुचलं. तोवर उशीर झाला होता. कोळीवाड्याच्या तोंडाशी रिक्षा थांबली. सुकत घातलेल्या जाळ्यांच्या मधल्या वाटेने आत आले, तर अंगणात बायका बसलेल्या आणि मधोमध तू. एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन, बाय?"

प्रश्न साधा होता. तिला उत्तरही साधंच हवं होतं. मी म्हटलं, "कामोठ्याहून आले."

म्हातारीने मान हलवली आणि सरकून जागा दिली. गिऱ्हाईक असेल असं तिने धरलं. तुझी बरीच गिऱ्हाइकं आली होती, आमच्याच सेक्टरमधल्या दोघी होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्याबरोबरच उठले.

तू कशाने गेलीस, किती दिवस अंगावर काढलंस, ते मी इथे लिहीत नाही. तुझी सून रेश्मा येणाऱ्या प्रत्येकीला ते सांगत होती आणि दर वेळी तिचा आवाज आणखी बसत होता. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बुधवारी तू मासे घेऊन आली नाहीस, शुक्रवारी आली नाहीस, पुढच्या बुधवारीही नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, रागावली आहे. सात महिने रागावलेलीच होतीस, त्यात आणखी दोन आठवडे. एक फोन करायचा, तर तेवढंही माझ्याने झालं नाही.

आज लिहायला बसले आहे ती भांडायला. माफी मागायची आहे, पण ती नंतर. आधी भांडण, कारण भांडताना तुझ्याशी बोलणं सोपं जातं.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुझं म्हणणं असायचं की ही सुनंदा गोष्ट सांगताना आपल्या सोयीचं तेवढंच सांगते. ह्या खेपेला गैरसोयीचंही सांगते, बघ.

तुझी ती काळी, दांडीची सायकल. नवऱ्याची. तो गेल्यावर दिराने ती मागितली तेव्हा तू म्हणे चाकाला कुलूप घालून किल्ली गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या जागी बांधली होतीस. काष्ट्याचं पातळ नेसून, दांडीवरून पाय टाकून, मागच्या कॅरिअरवर माशांची पाटी जुन्या ट्यूबने आवळून तू खाडीकाठच्या रस्त्याने कामोठ्यात यायचीस. पाटी भरलेली असली की ती सायकल एकटी उभी राहायची नाही. पाटी उतरवायची म्हणजे दोन्ही हात पाटीला, आणि तेवढा वेळ कोणीतरी पुढे हँडल धरायलाच हवं. नाहीतर पुढचं चाक वर, आणि मांदेली रस्त्यावर.

पहिल्या दिवशी मी ऑफिसला निघाले होते. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. गेटवर वॉचमन नव्हता. तू हाक मारलीस, "ताई, हँडल धरा जरा." मी दोन बोटांनी धरलं. तू पाटी अर्धी उचललेली तशीच ठेवलीस आणि म्हणालीस, "विंचू हाय का तो? मुठीत धरा." मी मुठीत धरलं. पाटीतलं पाणी माझ्या पावलावर सांडलं आणि त्या दिवशी आस्थापना शाखेत दुपारपर्यंत सगळे खिडक्या उघडत होते.

त्यानंतर बारा वर्षं. बुधवार, शुक्रवार. तू गल्लीच्या तोंडाशी असतानाच मी खाली यायची. तुला घंटी नव्हती, तुझा आवाजच पुरे होता. मी घाटावरची, साताऱ्याकडची. मासे सात पाण्यांनी धुवायची, हळद-मीठ लावून परत धुवायची. तू एकदा दारात उभी राहून ते बघितलंस. "मासा धुतेस का कापरं धुतेस? चव गेली ना गटारात." मग पदर खोचून माझ्या ओट्याशी आलीस आणि मला कोळंबी साफ करायला शिकवलंस. त्या दिवसापासून 'ताई' गेलं, 'बाय' आलं. पुढे कधीतरी 'बाय' गेलं आणि 'सुनंदे' आलं. कधी, ते मला सांगता येत नाही. अशा गोष्टी माणसाच्या लक्षात येतात त्या गेल्यावरच.

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं, घरच्यांनी सल्ले दिले. योगाला जा, भिशी लाव, तीर्थयात्रा कर. तू पाटी उतरवता उतरवता म्हणालीस, "बारा वर्सं हँडल धरतेस. बसनार कवा?"

मी हसले. तू हसली नाहीस.

सोमवार हा तुझा रविवार. सोमवारी कोणी मासे खात नाही, म्हणून तुला सुट्टी. खांदेश्वर स्टेशनच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, माझ्या भाचीची जुनी लेडीज सायकल, मी पंजाबी ड्रेसमध्ये वर आणि तू मागे कॅरिअर धरून पळत. साठीला टेकलेली बाई आणि तिच्यामागे पळणारी कोळीण. फिरायला येणारे लोक थांबून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तू त्यांच्यावर ओरडायचीस, "काय तमासा हाय? तुमच्या आईला शिकवा जावा." तीनदा पडले. गुडघे फुटले. आमच्या ह्यांनी घरात आयोडीन लावता लावता उपदेश केला. तू नुसतं म्हणालीस, "पडलीस ते बरं झालं. आता भ्याव निंगाला."

सायकल शिकवणारे न सांगता हात सोडतात असं म्हणतात. तू तसं केलं नाहीस. "आता सोडते हां, सुनंदे. पुढं बघ, चाक पलून नाय जानार," असं सांगून, मी 'नको नको' म्हणत असताना सोडलास. मी वळणापर्यंत गेले. वळण घेता येत नव्हतं म्हणून सरळ विजेच्या खांबाला मिठी मारून थांबले. पण तू सांगून हात सोडला होतास, हे मला आता सारखं आठवतं.

मुंबईची कल्पना तुझी. मी पुष्कळ जणींना सांगते की माझी, ते खोटं आहे. माझं माहेर साताऱ्याचं, मुंबईचा समुद्र मी बसच्या खिडकीतून बघितलेला. तुझं माहेर उरणजवळ, मोऱ्याच्या बंदराशी. तू एकदा बोलता बोलता म्हणालीस, "मी मुंबई पान्यातून बघितलेली हाय. बापाच्या होडीतून. वरलीच्या कोलीवाड्यात मावशीकडं जायचो. सगली मुंबई अशी बाजूनं सरकायची. लोकं भिंतीवर बसलेली दिसायची, मुंगीएवढी. मी बापाला विचारलं, ती काय बघतात? तो बोलला, आपल्याला." मग म्हणालीस, "एकदा त्या भिंतीवर बसून बघायचं हाय. होडीतून आमी कशी दिसत असू ते."

त्याच संध्याकाळी मी कागद घेतला. तीन सोमवार. पहिला, भाऊच्या धक्क्यापासून गेटवेपर्यंत. दुसरा, कुलाब्यापासून मरीन ड्राइव्हने चौपाटी. तिसरा, चौपाटीपासून वरळीचा कोळीवाडा, तुझ्या मावशीचं घर. सगळा काठ सायकलवरून, समुद्राची बाजू कुठेही सोडायची नाही. वेळापत्रक केलं, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या-येणाऱ्या लाँचच्या वेळा लिहिल्या. तू कागद उलटा-सुलटा करून बघितलास आणि विचारलंस, "पानी कुठं लिवलंय?"

इथून आपलं पहिलं भांडण. मी म्हटलं, परतीची लाँच साडेपाचला आहे म्हणजे साडेपाचला आहे. तू म्हणालीस, "तिथी सांग." मी कॅलेंडर बघितलं, पौर्णिमा होती. तू बोटांवर काहीतरी केलंस. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, हे तू मला तेव्हा शिकवलंस. पुनवेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाला पाणी तळाला. "मोऱ्याला लाँच लागनार नाय गो. चिखलात बसंल." मी फोनवर वेळापत्रक काढून दाखवलं. छापलेलं आहे, म्हटलं. तीस वर्षं सरकारी ऑफिसात काढलेल्या बाईला छापलेल्यापुढे समुद्र दिसत नाही. तू खांदे उडवलेस आणि म्हणालीस, "चल तर. तुला पानी सांगंल."

तुझा मुलगा मंगेश द्रोणागिरीला गोदामात कामाला, त्याच्या मित्राचा टेम्पो रोज पहाटे तिकडे जातो. त्यात दोन सायकली आणि दोन बाया. द्रोणागिरीपासून मोऱ्यापर्यंत आपण सायकली मारल्या, आणि लाँचवर खलाशाने सायकली टपावर आडव्या टाकल्या तेव्हा तू त्याला चार शिव्या घातल्यास, कारण तुझ्या सायकलची चेन मोकळी पडली होती.

भाऊच्या धक्क्यावर तू उतरलीस आणि माझ्या लक्षात आलं की इथे पाहुणी मी आहे. बर्फाच्या गाड्या, ओल्या फरशीवरून घसरत जाणारे क्रेट, आणि जिकडेतिकडे तुझ्या ओळखी. एका टोपलीमागून एक बाई ओरडली, "काय गो चांगुने, सायकल घेऊन कुठं?"

"मुंबई बघाया."

सगळ्या हसल्या. "आनी ही कोन?"

"ही माजी सुनंदा," तू म्हणालीस.

त्यावर कोणी काही विचारलं नाही. एकीने मला बसायला उपडा क्रेट दिला, दुसरीने चहा सांगितला. मीही त्यात विशेष असं काही पाहिलं नाही. चहा प्यायले, गोड होता, म्हणून थोडा टाकला.

तिथून पुढे गोदीच्या भिंती. मैलभर नुसत्या भिंती. मी वैतागले, समुद्र बघायला आलो आणि समुद्रच दिसेना. तू पुढे होतीस, मागे वळून ओरडलीस, "भिंतीमागं हाय. वास येतो नं? मग झालं तर." गेटवेला मी तुझे फोटो काढायला लागले, तर तू त्या कमानीकडे पाठ करून नांगरलेल्या होड्या मोजत होतीस आणि कोणती कोणत्या गावची ते त्यांच्या रंगावरून मला सांगत होतीस. माझ्याजवळ त्या दिवसाचे अकरा फोटो आहेत. अकराही फोटोंत तुझी पाठ आहे. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता.

आणि संध्याकाळी पाण्याने सांगितलं. साडेपाचची लाँच नाही, पावणेसहाची नाही. मोऱ्याला पाणीच नाही, भरती लागली की सोडू, असं सांगण्यात आलं. मी तुझ्याकडे बघेना. तू 'मी बोलले होते' असं एकदाही म्हणाली नाहीस. पदराच्या गाठीतून सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी काढलीस. दोघींपुरती होती. म्हणजे सकाळी निघतानाच तू ती ह्या दोन तासांसाठी भाजून घेतली होतीस.

धक्क्याच्या पायरीवर बसून ती भाकरी खाताना मी तुला एक गोष्ट सांगितली होती, आठवते? ज्यांच्याबरोबर तीस वर्षं डबा खाल्ला, त्यांच्यातलं एकही माणूस मी निवृत्त झाल्यावर माझ्या घरी आलेलं नाही.  तू चटणीची बोटं चाटत म्हणालीस, "मी येते नं. बुधवारी नि सुक्रवारी."

आता गैरसोयीचं.

दुसरा सोमवार माघातला. ह्या वेळी तिथी तू काढलीस. अष्टमी. भांगाचं पाणी, फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि संध्याकाळी सहाला भरती. "आज कितीबी वेल बस," तू टेम्पोतच म्हणालीस, "पानी आपलं हाय." ससून डॉकवरून आपण नरिमन पॉइंटला आलो आणि मग तो मोठा वळसा उघडला. मी तो दहा वेळा बघितलेला, तरी सायकलवरून तो वेगळाच लागला. वारा तोंडावर, एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला पाणी. तू पुढे. तुझ्या पदराचं टोक कंबरेतून सुटून मागे उडत होतं आणि मी ओरडत होते, "पदर सांभाळ, चाकात जाईल." तू ऐकलं नाहीस. मग एकदम थांबलीस, सायकल कठड्याला टेकवलीस आणि भिंतीवर चढून बसलीस, पाय पाण्याकडे सोडून.

किती वेळ बसलीस. मी शेजारी. लांबवर एक मासेमारीची होडी चालली होती. तू तिच्याकडे बघत म्हणालीस, "काय दिसत नाय गो. मानूस हाय का नाय तेबी कलत नाय." आणि जरा वेळाने, "मी त हात हलवायची."

मी तुझा हात धरला होता. हेही खरं आहे, ह्याचीही नोंद असू दे. कारण त्यानंतर पाच मिनिटांत मागून हाक आली, "अगं सुनंदा!"

आमच्या ऑफिसातल्या वैद्य मॅडम. पाहुण्यांना मुंबई दाखवायला आल्या होत्या. मी उडी मारून खाली उतरले. तुझा हात कधी सोडला मला कळलं नाही. "सायकल? ह्या वयात? कमाल आहे हं तुझी," त्या म्हणाल्या, आणि तुझ्याकडे बघून, "ह्या कोण?"

आणि मी म्हणाले, "ह्या चांगुणाबाई. आमच्याकडे मासे घेऊन येतात. मासे अगदी ताजे असतात हं. आणि बाई फार प्रामाणिक."

चांगुणा, मी हे वाक्य गेले सात महिने रोज ऐकते आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही आणि सगळं वाक्य खोटं आहे. मैत्रिणीची ओळख करून देताना ती प्रामाणिक आहे असं कोणी सांगतं का? त्या बाईने निवृत्तीनंतर माझ्या घराची पायरी चढली नव्हती, आणि तिच्यासमोर मला माझी पत सांभाळायची होती. वर मला वाटलं की मी तुझं कौतुकच करते आहे.

वैद्य मॅडमनी तुझा नंबर मागितला, खारघरला चांगले मासे मिळत नाहीत म्हणून. तू भिंतीवरून उतरलीस, पदर नीट खोचलास. "खारघरला येनं नाय जमत, ताई." मग सायकल हातात घेतलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "चला ताई, निंगू. पानी उतरंल."

अष्टमी होती. संध्याकाळी पाणी भरलेलं असणार, हे सकाळी तूच मला सांगितलं होतंस.

चौपाटी राहिली. परतताना लाँचवर तू खलाशाशी गप्पा मारल्यास, माझ्याशीही बोललीस, 'ऊन लागतं का' म्हणून विचारलंस. पण 'ताई' म्हणून विचारलंस. त्या बुधवारी मी नेहमीसारखी गल्लीच्या तोंडाशी तुझा आवाज ऐकून खाली उतरले, तर तू गेटवर सायकल थांबवून म्हणत होतीस, "वॉचमन, हँडल धर रे."

मी ताट घेऊन तीन पावलांवर उभी होते. तू मला बघितलं होतंस.

मासे तू कधी वाईट दिले नाहीस. हलव्याचा मधला तुकडा माझाच असायचा, कोळंबी निवडूनच यायची. त्यानेच जास्त लागायचं. थोडा शिळा बोंबील मारला असतास माझ्या तोंडावर, तर भांडायला जागा झाली असती. म्हणून म्हणते, तुझ्याशी भांडायचं आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सायकल लावण्यावरून तू अख्ख्या बिल्डिंगीसमोर झाडलं होतंस. लाँचच्या खलाशाला चेनवरून शिव्या घातल्यास. जगातल्या प्रत्येक माणसासाठी तुझ्याकडे आवाज होता, आणि माझ्यासाठी फक्त 'ताई, तुमी'? रस्त्यावर शिकवताना सांगून हात सोडलास, मग ह्या वेळी न सांगता का?

माझं म्हणशील तर मी रोज ठरवायची. तीस वर्षं टिपण्या लिहिलेला हात. मनात मसुदे केले. विषय अमुक, संदर्भ तमुक, खेद व्यक्त करण्यात येत आहे. एक 'चुकलं गं' तेवढं तोंडातून बाहेर पडलं नाही. आषाढात तू सुकी मासळी घेऊन आलीस तेव्हा वॉचमन जेवायला गेला होता. मला वाटलं, आज हाक मारेल. तू सायकल भिंतीला तिरकी टेकवलीस, गुडघा चाकात अडकवलास आणि एकटीने पाटी उतरवलीस. धाप लागली होती तुला. मी पुढे व्हायला हवं होतं. न बोलावता कोणी हँडल धरू नये असा काही कायदा नव्हता. मी म्हटलं, "पाणी हवं का?" तू म्हणालीस, "नको, ताई."

तीच धाप पुढे वाढली असेल का, हे मी रेश्माला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

आणि मग तुझ्या अंगणात त्या म्हातारीने विचारलं, तुमी कोन. दुसऱ्यांदा तोच प्रश्न, ह्या वेळी समोर वैद्य मॅडम नव्हत्या, पत सांभाळायची नव्हती. तरी मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा लाज वाटली म्हणून, आता हक्क राहिला नाही म्हणून. तुझ्या बाजूच्या सगळ्यांना रडायचा हक्क होता आणि मी गिऱ्हाइकांच्या रांगेत बसून डोळ्यांना नुसता रुमाल लावत होते.

हे मी इथपर्यंतच लिहिणार होते, आणि कपाटात ठेवून देणार होते. पण काल बुधवार होता.

सकाळी नऊच्या सुमाराला गल्लीत सायकलची घंटी वाजली. कोणाची असेल म्हणून मी बघितलंही नाही. मग गेटवरून हाक आली, घाबरलेली, आवाज न फुटलेली, "सुनंदामावशी."

मी गॅलरीत आले. खाली तुझी काळी सायकल. हँडलला नवी घंटी, आणि दांडीवरून एक पाय टाकून उभी असलेली रेश्मा. मागे पाटी, जुन्या ट्यूबने आवळलेली. तेरावं होऊन चार दिवस झालेले. पुढचं चाक जरा जरा उचलत होतं आणि तिचे दोन्ही हात हँडलवर पांढरे पडले होते. वॉचमन तिथेच खुर्चीवर बसला होता. तो उठायला लागला, तर ती त्याला म्हणाली, "तू नको."

मी चप्पल न घालता खाली आले.

"मावशी, हँडल धरता का?" ती म्हणाली. "आई बोललेली, त्या गेटवर वॉचमनला सांगायचं नाय. सुनंदाला हाक मारायची. ती धरंल."

"कधी म्हणाली?"

"आखाडात. मना सायकल शिकवत होती तवा. मी बोलले, तुमी त वॉचमनला सांगता. तर आई बोलली, माजं येगलं हाय. आमचं भांडन हाय."

आमचं भांडण आहे. चांगुणा, सात महिने मी समजत होते की तू मला गिऱ्हाइकांत परत नेऊन बसवलंस, आणि तू घरी आपलं भांडण चालू असल्याचं सांगत होतीस. गिऱ्हाइकाशी कोणी भांडत नाही, त्याला नुसतं ताई म्हणतं, एवढं तर मला कळायला हवं होतं. मी तुझ्या हाकेची वाट बघत होते आणि तू माझ्या. दोघींनाही वाटलं, अजून वेळ आहे. छापलेलं वेळापत्रक बघितल्यासारखं.

चुकलं गं. हे एवढंच होतं. तू समोर असताना दोन शब्द होते, आता एवढी पानं लागली.

वरळीचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा गेली आहे. बघू.

मी हँडल धरलं. दोन्ही मुठींत. मुठीवरचं रबर तुझ्या अंगठ्याने झिजून तिथे खोलगट झालं आहे, माझा अंगठा त्यात नीट बसला नाही. रेश्मा मागे गेली, ट्यूब सोडायला लागली. तिला ती गाठ अजून जमत नाही. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "सुनंदाताई, नवीन मासेवाली का हो?"

पाटीतलं पाणी माझ्या पावलावर पडत होतं. मी वर बघितलं आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात, तुझ्या आवाजात, सांगितलं, "माझ्या मैत्रिणीची सून आहे."

रेश्माने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाटी उचलली. ती जमिनीला टेकेपर्यंत मी हँडल सोडलं नाही.